सोळाव्या घराची सही

"ही सही चालत नाही, गुरुजी."

महापालिकेतला कारकून भगवंत याने फायलीतला सह्यांचा कागद खिडकीच्या काचेशी धरून मला दाखवला. त्या खिडकीवरची माझी ही पाचवी फेरी होती आणि तो गुरुवार होता. गल्ली अडवून घालायच्या पंगतीचा परवाना हवा होता आणि पंगत रविवारी होती. सोमवारी सकाळी शेजारच्या जैनबबी अमरावती सोडून मुलाकडे अकोल्याला जाणार होत्या.

"काहून चालत नाही?" मी विचारले. "सोळा घरं, सोळा सह्या. तुम्हीच सांगितलं होतं."

"पंधरा बरोबर हायेत. या सोळाव्या घराच्या नोंदीत अंगठा हाय, अन् इथं सही हाय. मानूस एक अन् निशाणी दोन. साहेब परत पाठवते."

"अहो, घर घेतलं तेव्हा अंगठा दिला होता त्यांनी. सही नंतर शिकल्या."

"कोनी शिकवली?"

"मी."

"मंग तसं प्रमाणपत्र असन न काही?"

"सही शिकल्याचं?"

"हो."

मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. पहिलीतले पोर 'क' उलटा काढते तेव्हा चिडून भागत नाही. त्याचा हात धरायचा आणि पुन्हा गिरवून घ्यायचे. भगवंताशीही मी पाच फेऱ्या असाच वागलो होतो.

पहिल्या फेरीत कारणाचा रकाना आडवा आला. लग्न, धार्मिक कार्यक्रम, सभा, अंत्ययात्रा. शेजारच्या बाईला निरोप म्हणून गल्लीने एकत्र जेवायचे, असे कारण अर्जात नव्हतेच. "लग्न लिहा न," भगवंत म्हणाला होता. "कोनाचं?" तर म्हणे, "कोनाचंबी." मी समासात बारीक अक्षरात 'सहभोजन' लिहिले. दुसऱ्या फेरीत गल्लीचा नकाशा मागितला, तो मी पट्टीने काढून दिला. तिसऱ्या फेरीत नकाशावर उत्तर दिशा नाही म्हणून परत आलो. चौथ्या फेरीत भगवंतच जेवायला गेला होता.

"तुमी एक काम करा," भगवंत आता आवाज खाली आणून म्हणाला. "एक तं सही बदलाचा अर्ज द्या. एकवीस दिवस लागतीन."

"आणि नाहीतर?"

"नाहीतर कोऱ्या कागदावर बाईचा अंगठा आना. उद्या बारापर्यंत आनला तं शनिवारी परवाना हातात. नाहीतर मांडव टाकून मोकळे व्हा. राजापेठेत कोन इचारून टाकते?"

कोणीच विचारून टाकत नाही, हे खरे होते. गेल्या वैशाखात आमच्याच गल्लीत एका लग्नाचा मांडव तसाच आडवा पडला होता. त्या दुपारी समोरच्या वामनरावांच्या आईला, माणिकबाईंना, अर्धांगाचा झटका आला. रुग्णवाहिका मांडवाशी अडली. खाट उचलून आम्ही त्यांना जेवणाऱ्या लोकांमधून नेले. त्या वाचल्या, पण उजवा हात गेला. म्हणून वामनरावांनी सही देताना मला बजावले होते, "गुरुजी, परवाना पाह्यल्याशिवाय मी रस्ता अडवू देनार नाही. तुमालेबी नाही." त्यांचे चुकले असे मला एकदाही वाटले नाही.

घरी आलो तर चतुराबाई पंगतीच्या वरण-बट्ट्यांसाठी गहू निवडत बसल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना माझा चेहरा पाठ झाला आहे.

"आता काय मागून राहिला थो? तुमचा जन्माचा दाखला?"

"जैनबबीचा अंगठा."

"मंग घ्या न. शाईचा डबा हाय तुमच्या टेबलात. एका अंगठ्यानं काय आभाय कोसळते?"

मी शाईचा डबा खिशात घातला आणि निघालो.

जैनबबींनी पस्तीस वर्षे आमच्या गल्लीच्या पोरांचे गणवेश शिवले. जूनमध्ये त्यांच्या दारात रांग लागायची. घाईत असल्या की माप न घेता, पोराला नुसते फिरवून पाहायच्या आणि कापड कापायच्या. मी संध्याकाळी आमच्या ओट्यावर मोठ्यांचा साक्षरता वर्ग चालवायचो. त्यात त्या नेहमी उशिरा यायच्या, हाताला खडूची पांढरी भुकटी लागलेली. शिंप्याच्या खडूचा चपटा तुकडा त्यांच्याजवळ असायचा. पाटी त्यांना जमली नाही. घरी काळ्या पँटच्या कापडावर त्या आपले नाव काढायच्या, झटकायच्या, पुन्हा काढायच्या. असे आठ महिने चालले. पहिली सही जमली त्या दिवशी मी वर्गाला नियम घालून दिला होता : ज्याला सही येते त्याने यापुढे कुठेही अंगठा द्यायचा नाही. दिलाच तर आठवडाभर माझा ओटा झाडायचा.

घरात बोचकी बांधलेली होती. घर शेजारच्या ट्यूशन क्लासवाल्याने घेतले होते. शिलाई मशीन चादरीत गुंडाळून दाराशी ठेवली होती.

"आओ मास्तर," जैनबबी म्हणाल्या. "तोंड कावून असं? परवानगी नाही भेटली न?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" निरोपाची पंगत त्यांच्यापासून लपवायची असे ठरले होते. गल्लीतल्या कार्यक्रमाला हरकत नाही, एवढेच सांगून मी त्यांची सही घेतली होती.

"तुमच्या पायलनं. मंगळवारीच सांगितलं. मीबी मग नवा दुपट्टा वर काढून ठेवला."

पायल माझी नात. सात वर्षांच्या पोरीच्या पोटात गोष्ट राहील असे मी धरून चाललो, ही चूक माझीच. मी खाली बसलो आणि ऑफिसातले सगळे सांगितले. सांगताना डबा खिशातून काढून मधे ठेवला. जैनबबींनी डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अंगठा मागतात?"

"हो."

"तुमी तं म्हणलं होतं, अंगठा दिला तं ओटा झाडावा लागन."

"म्हणालो होतो."

त्या हसल्या. दुपट्ट्याला उजवा अंगठा पुसला आणि पुढे केला. सुईने टोचून टोचून त्याच्यावरच्या रेघाही पुसट झाल्या होत्या. "लगाओ. माह्यासाठी एवढे लोक जेवून राहिले. तुमचा ओटाबी झाडून देते, सोमवारी जायच्या आधी."

मी डबा उघडला. शाई ओली होती. त्या अंगठा धरून बसल्या होत्या, लस टोचून घ्यायला पोर बसते तशा, शांतपणे. मी डबा बंद केला.

"काय झालं?"

"शाई वाळली आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला ओळखले असणार. पण त्यांनी हात मागे घेतला आणि मला चहा विचारला.

बाहेर आलो तेव्हा मला स्वतःचाच राग आला होता. रस्ता मागायला गेलो आणि रस्ता घालवून आलो. वामनराव दारात मोटारसायकल पुसत होते. मी त्यांना खरे ते सांगितले, की परवाना मिळणार नाही आणि तो का मिळणार नाही.

"मंग पंगत नाही," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी फडके पिळले, झटकले आणि हँडलवर टाकले. "किती रुंद हाय गल्ली?"

"अठरा फूट. नकाशा काढला आहे मी." आणि का कोण जाणे, पुढे म्हणालो, "उत्तर दिशेसकट."

"रुग्णवाहिकेले आठ पुरतीन." ते घरात जाऊन टेप घेऊन आले. "दोन्हीकडून पाच पाच फूट घ्या. भिंतीले पाठ टेकून बसा. मधात कोनाचं पोरगं दिसलं तं मी पंगत उठवीन, सांगून ठेवतो."

रविवारी चार वाजता वामनरावांनी रांगोळीने दोन सरळ रेघा ओढल्या. रेघांच्या बाहेर, दोन्ही भिंतींलगत बसायच्या पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. मधला रस्ता मोकळा राहिला आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले. क्लास सुटायची वेळ झाली. एकामागून एक स्कूट्या दोन पंगतींमधून हॉर्न वाजवत निघाल्या. वरणाची बादली घेऊन चतुराबाई पलीकडे जायला थांबून राहायच्या, आणि बट्ट्या इकडच्या रांगेत तर वांग्याची भाजी तिकडच्या. मी शाळेतली शिटी गळ्यात घालून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. "हळू! उतरून चाला! माणसं जेवताहेत!" निम्मी पोरे ऐकायची. उरलेली कानात गाण्याची बोंडे घालून यायची. एकाने तर मलाच विचारले, "काका, रस्ता पुरा बंद कावून नाही केला? आमी दुसरीकडून गेलो असतो न!"

मी शिटी वाजवली.

मग पोलीस ठाण्याचा शिपाई मोटारसायकलवर आला. "परवानगी हाय का?"

माझ्याआधी वामनराव जेवण सोडून उठले. उष्टा हात मागे धरून त्यांनी डाव्या हाताने टेप पुढे केला. "बंद कुठं हाय रस्ता? मोजून घ्या साहेब."

शिपायाने दोन्ही रेघांकडे पाहिले, पंगतींकडे पाहिले, आणि गाडी बंद करून ती ढकलत मधून गेला. माणिकबाईंना त्यांच्या दारात खुर्चीवर बसवले होते, जैनबबी त्यांच्या शेजारी. नवा दुपट्टा घेतलेल्या जैनबबी डाव्या हाताने माणिकबाईंचा पदर सावरत होत्या आणि बट्टी कुस्करून त्यांच्या पत्रावळीत ठेवत होत्या.

सोमवारी टेम्पो गेला. त्या पहाटे मी उठलो तेव्हाच माझा ओटा झाडलेला होता.

मंगळवारी मी सहाव्यांदा खिडकीवर गेलो.

"अंगठा आनला?" भगवंताने विचारले.

"नाही. अर्ज मागे घ्यायचा आहे. आणि तो सह्यांचा कागद मला परत द्या."

"अर्ज मागं घेता येते. कागद परत नाही भेटत."

"आता तुम्हाला काय करायचा तो?"

"फायलीत राहीन. पानं नंबर टाकून लावलेली असतात, गुरुजी. कायमची नोंद."

"सगळ्या सह्यांसकट?"

"आता सह्या काय मी कापून ठेवू?" तो वैतागला. सहा फेऱ्यांत पहिल्यांदाच.

मी म्हणालो, "एकदा दाखवा फक्त."

त्याने फाईल उघडून काचेशी धरली. सोळाव्या ओळीवर जैनबबींचे नाव होते. शेवटचे अक्षर ओळ सोडून जरा वर चढलेले, कापडावर खडू सरकतो तसे.

भगवंताने शिक्का शाईवर दाबला. सोळाव्या सहीवर आणताना त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने कागद थोडा डावीकडे सरकवला आणि कोऱ्या जागेत शिक्का मारला : निकाली.