धूर कुठे जातो

माझी ताई केमिस्ट आहे आणि बायको इमारतींमधल्या हवेची इंजिनियर. मी सुतार. कार्डावर ‘फर्निचर डिझायनर’ असं छापलंय, पण घरात ते कोणी मनावर घेत नाही. या नणंद-भावजयीचं पहिल्यापासून इतकं मेतकूट की मला कोणी विचारायचंच नाही. मग ताईच्या संस्थेनं नवीन प्रयोगशाळा बांधायचं ठरवलं, तिच्या हवेचं काम बायकोच्या ऑफिसकडे आलं, आणि माझी अडकित्त्यातली सुपारी झाली.

ठिणगी आमच्या जेवणाच्या टेबलावर पडली. बायको उत्साहानं सांगत होती, “ताई, तुमची जुनी इमारत म्हणजे विजेचा राक्षस आहे. एकेक फ्यूम हूड दोन-तीन घरांची वीज खातो. थंड केलेली हवा रात्रंदिवस छपरावरून बाहेर फेकताय. नव्या इमारतीत आपण ही ओढ निम्म्यावर आणू.”

फ्यूम हूड म्हणजे काचेचं सरकतं दार असलेलं मोठं कपाट. विषारी वाफा येतील असं काम त्याच्या आत हात घालून करायचं. वरचा पंखा वाफा ओढून बाहेर टाकतो.

ताईनं चमचा खाली ठेवला. “म्हणजे वीज वाचवायला तू आमच्या तोंडची हवा काढणार?”

“तसं नाही हो ताई...”

“तसंच आहे. वाऱ्याची मास्तरीण आहेस, पण त्या वाऱ्यात उभं आम्हाला राहायचंय.”

ताई अशी का भडकली ते मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या हूडवर काम करणारी तिची जिवलग मैत्रीण काम करता करता कोसळली होती. ती वाचली, पण फुप्फुसं कमजोर झाली ती झालीच. चौकशीत तिच्यावरच ठपका आला: डोकं हूडच्या आत घातलं असणार, निष्काळजीपणा. मैत्रिणीनं प्रयोगशाळा सोडली आणि शाळेत शिकवायला लागली. तेव्हापासून ताईचा विश्वास फक्त पंख्याच्या घरघरीवर. आवाज जितका मोठा, तितका तिला धीर.

त्या दिवसापासून ताईचं येणं बंद झालं. बायको वरवर कामात, आतून धुमसत. शेवटी एकदा मला म्हणाली, “माझंही चुकलं. ती खोली मी फक्त नकाशावर पाहिलीये. तुझ्या बहिणीला विचार ना, मला एक दिवस तिथे बसू देतील का?”

मी फोन लावला. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “येऊ दे. चष्मा लावायचा, कशाला हात लावायचा नाही आणि सल्ला द्यायचा नाही.”

बायको संध्याकाळी परत आली ती कान चोळत. “अरे, तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. खोलीचं दार उघडायला खांदा लावावा लागतो, इतकी ओढ. आणि बाटल्या ठेवायला दुसरी जागाच नाही, म्हणून सगळ्या हूडमध्ये कोंबलेल्या. मग काचेचं दार खाली येणार कसं? ते कायम उघडं.” तिनं पिशवी खाली ठेवली. “एका हूडच्या कडेला कोणीतरी टिश्यू कागदाची पट्टी चिकटवलीये. ती आत ओढली जायला हवी ना? ती मधूनच बाहेर फडफडत होती.”

“ताईला सांगितलंस?”

“सल्ला द्यायचा नाही म्हणाल्या होत्या.”

ती पट्टी तिच्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी माझ्या कारखान्यात आली आणि म्हणाली, “मला प्लायवूडचा हूड करून दे. खऱ्या मापाचा. वर छत, छतात हवेची जाळी, अगदी त्यांच्याकडे आहे तशी.”

मी केला. काचेचं दार सरकायला लागल्यावर तर मला त्याचा अभिमानच वाटायला लागला. पंखे बायकोनं आणले, आणि नाटकवाल्या एका मित्राकडून रंगमंचावर धूर सोडतात ते यंत्र. रविवारी दुपारी ताई आली. हाताची घडी, चेहऱ्यावर परीक्षा घ्यायला आल्याचा भाव.

“आधी तुमची जुनी पद्धत,” बायको म्हणाली. “पंखे पूर्ण जोरात, दार पूर्ण वर. ताई, तुम्ही रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा.”

पंखे गरजले. ताईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मी हूडच्या आत धूर सोडला. बराचसा वर गेला. पण छतातल्या जाळीतून येणारा झोत ताईच्या पाठीवर आदळत होता, तिला वळसा घालून पुढे येत होता आणि तिच्या छातीपाशी भोवरा करत होता. त्या भोवऱ्याबरोबर धुराची एक बट हूडमधून बाहेर आली. सावकाश वर चढली आणि ताईच्या हनुवटीखाली रेंगाळली.

ताई हलली नाही. 

मी पंखे बंद केले. एकदम शांत झालं.

“तिनं डोकं आत घातलं नव्हतं,” ताई म्हणाली. “ती सांगत होती, मी सरळ उभी होते. पण पंखा चालू होता ना! मी स्वतः ऐकला होता. मग मलाही वाटलं, हिचंच काहीतरी चुकलं असेल.” तिनं आमच्याकडे पाहिलं. “मी तिला एक फोन करून येते.”

ती अंगणात गेली. खिडकीतून ती येरझाऱ्या घालताना दिसत होती. मध्येच डोळे पुसत होती, मध्येच हसत होती. परत आली तेव्हा नाक लाल होतं, पण आवाज नेहमीचा, दरडावणारा. “हं. आता तुझं दाखव, मास्तरीण.”

बायकोनं जाळी बंद केली आणि छताखाली कापडाची लांब नळी टांगली. तिच्यातून हवा सगळीकडून हळूच झिरपत होती. काचेचं दार अर्धं खाली, पंखा मंद. मी धूर सोडला. तो मुकाट मागे सरकला आणि वर निघून गेला. बायकोचा चेहरा फुलला.

“थांब,” ताई म्हणाली आणि हूडसमोरून झपझप चालत गेली. तिच्यामागे धुराचा एक पुंजका बाहेर आला.

बायकोचा चेहरा पडला. “असं... असं कोणी इतक्या जोरात...”

“आम्ही दिवसभर अशाच चालतो गं. घाईत असतो.” पण या वेळी ताईच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता. तिनं माझ्या टेबलावरचा खडू उचलला आणि सरळ फरशीवर खोली काढायला बसली. “हूड इथे वाटेत कशाला? मागच्या भिंतीला न्या. येण्याजाण्याची वाट खिडकीकडून. बाटल्यांना वेगळं कपाट, त्यालाही हवेची ओढ. आणि आम्ही लिहायला हूडशेजारी का बसतो? तिथे टेबल आहे म्हणून! लिहायची खोली काचेपलीकडे कर.”

“मग तिथे साध्या खोलीइतकीच हवा पुरेल,” बायको तिच्या शेजारी बसत म्हणाली. “आणि हूडसमोर कोणी नसेल तर दार आपोआप खाली येईल.”

“पण पंखा बंद पडला तर कळणार कसं? आवाज तर तू घालवलास.”

“दिवा देते. हिरवा म्हणजे ठीक. ओढ कमी झाली की लाल, आणि कर्कश भोंगा.”

“कर्कश म्हणजे कर्कश हं. गोड नको.”

चहा दोनदा निवला. मला हूड तीनदा हलवावा लागला. शेवटच्या खेपेला ताई चालली, धावली, हात हलवत गेली, पण धूर जराही बाहेर आला नाही. तेव्हा दोघी माझ्याकडे वळून एकदम म्हणाल्या, “भूक लागलीये.”

इमारत उभी राहायला वेळ लागला. मध्ये कोणीतरी कापडी नळ्या ‘दिसायला बऱ्या नाहीत’ म्हणून काढायला निघालं होतं. त्या माणसाला ताईनं असं काही फैलावर घेतलं की तो पुन्हा मीटिंगला आलाच नाही. नव्या जागेत गेल्यावर पहिले काही दिवस ताईला शांतता सोसेना. सारखी उठून हिरवा दिवा बघायची. विजेचा वापर जुन्या इमारतीच्या निम्म्याहून खाली आला, तेव्हा संस्थेचे संचालक बायकोला हार घालायला पुढे आले. ताई शेजारी उभी राहून म्हणाली, “वाकव मान, पोहोचत नाहीये त्यांचा हात.”

मग गेल्या आठवड्यात भर दुपारी ताईचा फोन आला. बायकोनं स्पीकरवर टाकला.

“ऐक. आज एका मुलीच्या हातून मोठी बाटली फुटली. हूडच्या बाहेर, चक्क जमिनीवर.”

बायको खुर्चीवरून उठलीच. “मग? कोणाला काही...”

“कोणाला काही नाही. तिनं दाराजवळचं लाल बटण दाबलं, पंखे जोर धरायला लागले. त्यांचा आवाज चढायच्या आत मी ‘बाहेर व्हा’ म्हटलं आणि सगळ्यांना ते ऐकू गेलं. ओरडावंसुद्धा लागलं नाही. दोन्ही दारांनी सगळे निघाले. बाहेर झाडाखाली बसलो. ती मुलगी सारखी माफी मागत होती, तिला म्हटलं, अगं, बाटल्या फुटतातच. खोली त्याच हिशेबानं बांधलीये.”

बायको परत खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले होते.

“आहेस का गं?”

“आहे, ताई. आता आत हवा...?”

“साफ झाली. तपासून घेतली. सगळे आपापल्या जागी गेलेत.” पलीकडून दार सहज, एका हातानं उघडल्याचा आवाज आला. “चल, ठेवते. माझं काम अर्धवट राहिलंय.”