उधाणाची सपाट रेघ

"ही पाण्याच्या उंचीची रेघ बघा, आजी. परवाचं उधाण. डोंगरासारखी चढायला हवी होती, इथे पाटासारखी सपाट." मोजणीवाल्या पोरीने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. "कुणीतरी झडप बंद केली होती. खाजणात पाणी शिरलंच नाही."

म्हातारी पाण्यातलं मोजणीचं यंत्र ब्रशने घासत होती. आठवडाभरात त्यावर शेवाळ चढे. हात न थांबवता ती म्हणाली, "आजी कुणाला म्हणतेस? तुझ्या आईला काही मी जन्म दिला नाही."

पोरगी हसली नाही. "आजोबांनी केली का?"

आजोबा आत खिडकीशी खुर्चीत बसले होते. झडपवाला म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. जन्मभर एकच काम केलं: भरती चढली की बांधातली झडप चाक फिरवून लावायची, ओहोटी लागली की उघडायची. खारं पाणी आत घुसलं की शेतं गेलीच, म्हणून हा माणूस भरल्या ताटावरून उठून पळायचा. मग शेती उठली, आणि वरच्यांनी ठरवलं की ही जमीन होती तशी पुन्हा खाजण, म्हणजे भरतीचं पाणी खेळणारी दलदल, करायची. आता झडप कायम उघडी, आणि आत-बाहेर जाणारं पाणी किती, खारट किती, गढूळ किती, ते मोजायचं. नोकरी तीच, नोकरीचं घर तेच, काम तेवढं उलटं.

"आधी समुद्राला हाकलायचा पगार, आता बोलवायचा," म्हातारी म्हणायची. "उद्या सांगतील, चंद्र घासून आणा."

तिने ते अंगवळणी पाडून घेतलं. त्यांना जमेना. हल्ली तर ते मुलालाच आपला थोरला भाऊ समजून दादा म्हणून हाक मारत, पेटता गॅस तसाच सोडत. परवा ती धुणं वाळत घालून आली तर खुर्ची रिकामी. धावत बांधावर गेली. झडप लावून, छाती फुगवून हे उभे!

"वाचली गं शेतं!"

बाहेर पाणी झडपेला धडका देत होतं. आत नवी लावलेली, खाऱ्या पाण्यावर जगणारी गवताची रोपं कोरड्या चिखलात माना टाकून पडली होती. ते चाक फिरवायचं बळ तिच्या हातात नव्हतं, आणि त्यांना उघडा म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. ओहोटीला त्यांनीच शिस्तीत झडप उघडली आणि घरी येऊन चहा मागितला.

"सांगा ना," मोजणीवाली म्हणाली. "आजोबांना आता झेपत नसेल, तर मला वर कळवावं लागेल."

"त्यांना कशाला मधे घेतेस? मी लावली."

"तुम्ही?"

"दोरीवर कपडे होते. भिजले असते."

"कपड्यांसाठी? अहो, वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण वाया गेलं! मी वर काय सांगू?"

"सांग, म्हातारी अडाणी आहे. त्यात काय खोटं आहे?" मग मान खाली घालून, यंत्रावरचा नसलेला डाग घासत ती म्हणाली, "चुकलं माझं."

हे शब्द तिच्या तोंडून सासूलाही कधी ऐकायला मिळाले नव्हते.

पोरीने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्या बारीक मनगटांकडे. शेवटी लॅपटॉप मिटून म्हणाली, "झडपेचं चाक काढून नेते. आणि कपडे जरा उंचावर वाळत घाला, आजी."

या वेळी म्हातारीने तिला टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरती चढू लागली तसे ते खुर्चीतून उठले. "अगं, पाणी आलं. झडप!"

"बसा. मी लावून आले."

"तू? नीट आवळलीस ना?"

"तुमच्यापेक्षा नीट."

ते हसले, बसले. "शिकलीस हो अखेर."

खिडकीबाहेर नव्या, उंच दोरीवर मोठी चादर आडवी टाकली होती. तिच्याआड पाणी खळखळत आत शिरत होतं, रोपांच्या माना उचलत. चादर केव्हाच वाळली होती. म्हातारीने ती काढली नाही.