चाळीस आकड्यांची बाटली

“आठ,” म्हणून बाटलीबाईंनी साचा उलटा केला आणि आतला जास्तीचा पाक पातेल्यात ओतून दिला. खरं तर वीसपर्यंत मोजायचं असतं. साच्यात उकळता पाक ओतायचा, साचा हातात गोल फिरवत राहायचा आणि विसाला रिकामा करायचा. आत चिकटून राहतो तेवढ्या पाकाची बाटली होते. चाळीस वर्षं सिनेमाच्या सेटसाठी हजारो बाटल्या केलेल्या बाईंना आकडे येत नव्हते असं नाही. आज त्या लबाडी करत होत्या, आणि सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते.

मारामारीच्या सीनमध्ये डोक्यावर फुटते ती बाटली काचेची नसते, साखरेची असते. दोन वाट्या साखर, वाटीभर पाणी, अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज. ढवळायचं अजिबात नाही, नुसतं लक्ष ठेवून उभं राहायचं; थेंब गार पाण्यात टाकला की कट्‌कन तुटला पाहिजे. घरच्या बाटलीत लिंबू आणि आल्याचा रस जास्तीचा. ती वर्षातून एकदाच व्हायची, पैलवानांच्या वाढदिवसाला.

पैलवान म्हणजे बाईंचे यजमान. कुस्ती सोडून सिनेमात गेले ते मार खायला. नायकाला एका हाताने उचलता आलं असतं, पण तीस वर्षं हा माणूस नायकाकडून आपटून घेत राहिला, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

बाईंनी नोकरीतली पहिली बाटली केली तेव्हा घाबरून आकडे चुकले, चाळीसपर्यंत गेले. ती जाडजूड बाटली पैलवानांच्या डोक्यावर फुटली आणि डोकंही फुटलं. दिग्दर्शक ओरडला, “रक्त आलं की काय?” पैलवान म्हणाले, “रंग आहे साहेब, घ्या पुढचा शॉट.” बाईंची नोकरी वाचली. संध्याकाळी टाके घालून स्वारी वर्कशॉपच्या दारात हजर. “एखादी उरलीय का? चवीला बरी होती.” पुढचं सगळं ओघाने आलंच.

तेव्हापासून दर वाढदिवसाला बाई त्यांच्या डोक्यावर बाटली फोडायच्या, पैलवान खुर्चीसकट आडवे व्हायचे, आणि मुलगी चादरीवरचे तुकडे वेचून खायची. पडल्यापडल्या पैलवान दरवर्षी एकच तक्रार करत, “पातळ झाली गं.”

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा वाचली, पायही सावरले. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. आता हलवला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू पलंगाखाली धूळ खात होता. “मी काय रांगतं बाळ आहे?” एवढं बोलून पैलवानांनी तो विषय संपवला होता.

“आई, यंदा डोक्यावर नको हं,” मुलीने सकाळीच फोनवर सांगितलं.

“अगं, मला कळतं तेवढं,” बाई म्हणाल्या. त्यांचा बेत वेगळाच होता. बाटली त्या हातातच फुटली, तर हातावरचा विश्वास परत येईल.

दुपारी त्यांनी बाटली पैलवानांच्या उजव्या तळव्यावर ठेवली आणि एकेक बोट तिच्याभोवती मिटवलं. “यंदा हातानेच फोडायची.”

पैलवानांनी डाव्या हाताने ती काढून घेतली आणि खिडकीकडे धरली.

“किती मोजलेस?”

“वीस.”

“तुझे कान बघ आरशात.”

“आठ,” बाई पुटपुटल्या.

पैलवानांनी बाटली उजेडातून खाली घेतली. मग म्हणाले, “जन्मभर खोटंखोटं हरलो. आता खोटंखोटं जिंकायला लावतेस होय?”

“मग काय करू? परक्याचा असल्यासारखा वागवताय तुम्ही तो हात. मला भीती वाटते हो.” बाईंचे डोळे भरून आले.

पैलवानांनी बाटली टीपॉयवर ठेवली. “चाळीसची कर.”

“अहो!”

“पहिली केली होतीस तशी. आणि मोठ्याने मोज, मला ऐकू येऊ दे.”

पातळ बाटली दोघांनी चमच्याने फोडून चहाबरोबर खाल्ली. चव बरी होती. मग बाईंनी पुन्हा पातेलं चढवलं. मोजता मोजता तिसाला त्यांचा आवाज बारीक झाला, तशी आतल्या खोलीतून हाक आली, “एकतीस! बत्तीस!”

ही बाटली बिस्किटांच्या डब्यात, कोरड्या तांदळांत जाऊन बसली, कारण दमट हवेत साखरेला पाणी सुटतं. रोज सकाळी पैलवान डबा मांडीवर घेत, बाटली उजव्या हातात देत, दहा मिनिटं दातओठ खात बसत आणि मग ती परत ठेवून देत. त्या वेळी बाई स्वयंपाकघरात खरकटी नसलेली भांडी घासत.

“फुटली का?” मुलगी फोनवर विचारायची.

“नाही.”

“मग?”

“मग काय, चाललंय.”

दीड महिन्याने बाईंनी तांदूळ बदलायला डबा उघडला आणि बाटली खिडकीशी नेली. हाताच्या उबेने साखर जागोजागी दबली होती. अंगठ्याचा खड्डा खोल, त्याच्या समोर दोन बोटांचे, तिसऱ्याचा थोडा उथळ. हे त्यांनी मागच्या आठवड्यात पाहिलं होतं. आज खाली, बुडाशी, आणखी एक पुसटसा खड्डा दिसला.

बाईंनी आपली करंगळी त्यात ठेवून पाहिली. पैलवानांच्या करंगळीची जागा त्यांना चांगलीच ऐसपैस झाली.