लाटेवरच्या फळीला नवमीचं तेल

मी एक जुनी फळी आहे. पण मित्रांनो, फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली डबे ठेवायची फळी आली असेल, तर मला आत्ताच राग येईल हं! माझ्यावर डबे नाही, माणूस उभा राहतो. तोही बोटीमागच्या लाटेवर, आणि हातात दोर नसताना. मला वेकसर्फ बोर्ड म्हणतात. वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या बाजूला धरणाचं पाणी पसरलंय, तिथे मी काम करते. आयुष्यात मला इतके धक्के बसलेत, की अजूनही कोणी गरम पाण्याचं भांडं घेऊन जवळून गेलं तरी मी दचकते. का, ते सांगते.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका लहानशा कारखान्यात झाला. हलक्या फोमचा ठोकळा कापला, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड चढवलं, रेझीन ओतलं आणि मला घासून घासून गुळगुळीत केलं. शेपटीखाली माशासारखे तीन पर बसवले. मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "ही नवशिक्यांची नाही, आणि उस्तादांचीही नाही. ही मधल्यांची. ज्याला उभं राहता येतं पण अजून वळायला शिकायचंय, आणि ज्याचं वजन साठाच्या आत आहे, त्याच्याच पायाखाली ही खुलेल." किती साधी गोष्ट! पण ती लक्षात घेतंय कोण?

पुण्याच्या एका साहेबांनी मला विकत घेतलं, ते फक्त माझा निळा-केशरी रंग पाहून. साहेब पंच्याण्णव किलोचे. ते माझ्यावर उभे राहिले आणि मी सरळ बुडाले. चार वेळा बुडाले. पाचव्यांदा साहेब काठावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "बोगस माल आहे!" मी? बोगस? अहो, मला धक्काच बसला. मग त्यांनी मला दिवाणखान्यात भिंतीवर टांगलं. पाहुणे "वा, वा" करायचे. दोन वर्षं मला पाण्याचा थेंब दिसला नाही. एक दिवस खिळा निसटला, मी खाली आपटले आणि माझं नाक फुटलं. साहेबांनी मला कापूरहोळला सावळाराम मिस्त्रींकडे दुरुस्तीला टाकलं आणि परत न्यायला काही ते आले नाहीत.

सावळाराम मिस्त्रींचं दुकान हायवेला, ढाब्यांच्या रांगेत. फायबरचं सगळं काम ते करतात. फुटक्या टाक्या, गाड्यांचे बंपर, बोटींची बुडं. त्यांनी माझ्या नाकाला छान ठिगळ लावलं आणि वर्षभर वाट पाहून मला विकायला दारात उभं केलं. माझ्या डाव्या हाताला एक नवी कोरी, पातळ, झगमगीत फळी होती, उस्तादांची. उजव्या हाताला एक जाडजूड, मऊ फळी, नवशिक्यांची. मध्ये मी, ठिगळाची. गिऱ्हाइकं यायची, डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची. माझ्याकडे कुणी बघायचं नाही.

आणि एका दुपारी वेल्ह्याकडून सुलक्षणा आली.

वय असेल बावीस-तेवीस. धरणावरच्या बोट क्लबात ती तिकीट काउंटरवर बसायची आणि लाइफ जॅकेटं वाटायची. रोज सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी क्लबच्या जाडजूड फळीवर ती उभं राहायला शिकली होती. आता क्लबच्या गायत्री मॅडमना शिकवणारं माणूस हवं होतं. दसऱ्याला परीक्षा. बोटीचा दोर धरून उठायचं, मग तो सोडून एका तरंगत्या पिंपापासून दुसऱ्या पिंपापर्यंत लाटेवर राहायचं, आणि वळून दाखवायचं. तीन खेपा मिळणार. जमलं तर काम सुलक्षणाचं, नाही तर बाहेरून माणूस येणार आणि ती काउंटरवरच राहणार. जाड फळी काही केल्या वळेना, म्हणून ती स्वतःची फळी घ्यायला आली होती.

"मिस्त्री, माझं वजन चोपन्न किलो," तिनं तळहात पुढं केला. तळहातावर पेनानं लिहिलं होतं. "गिरणीच्या काट्यावर उभी ऱ्हाऊन आले."

"गिरणीच्या?" मिस्त्री हसले. "दळून न्हाई आली ते बरं. ही नवी घे की, बघ कशी चमकतीया!"

"चमकून काय करू? ती उस्तादांची. माझ्यानं झेपायची न्हाई, आन् परवडायची पन न्हाई." मग ती माझ्यापाशी आली. मित्रांनो, मडकं घेताना वाजवून बघतात ना, तसं तिनं बोटाच्या पेरानं मला नाकापासून शेपटीपर्यंत वाजवलं. कुठं पोकळ आवाज येतोय का ते ऐकलं. कडा चाचपल्या, पर हलवून पाहिले. आणि मग काय केलं असेल? मला उचललं आणि शेजारच्या ढाब्याच्या म्हशींच्या हौदात बुडवलं! म्हशींच्या! मी इतकी हादरले की विचारू नका.

"अगं ए, काय करतीस?" मिस्त्री ओरडले.

"ठिगळातनं बुडबुडं येत्यात का बघते. आत पानी गेलं तर फळी जड हुती."

एकही बुडबुडा आला नाही. मिस्त्रींची मान ताठ झाली आणि खरं सांगते, माझीही. नव्या फळीच्या चौथाई पैशांत मी सुलक्षणाची झाले. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "ताई, इस्त्रीचा टेबल का?" ती म्हणाली, "व्हय, पान्याला इस्त्री करायला." सगळी गाडी हसली. मलाही बरं वाटलं.

घरी मात्र कुणी हसलं नाही. तिचे वडील गेनूआबा जुने नावाडी. रस्ता व्हायच्या आधी पलीकडच्या गावांची माणसं, शेरडं, नवरदेव, सगळं त्यांच्या होडीतून जायचं. आता होडी अंगणात पालथी पडलेली. त्यांनी मला एकदाच पाहिलं. "पान्यावर बसत्यात, सुले. उभं न्हाई ऱ्हात. पानी म्हंजी काय वटा हाय?" एवढं बोलून ते गेले. पुढे महिनाभर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुलक्षणा रोज पहाटे मला न्यायची. माझ्या पाठीवर गोल गोल हात फिरवून मेण घासायची, कारण त्या खरखरीत मेणावरच पाय ठरतो. महिनाभरात आमचं छान जमलं. ती वळायला शिकली. पण परीक्षा जवळ आली तशी ती एकच म्हणायची, "आबा एकदा बघायला आलं असतं तर!"

आता ऐका तो दिवस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आपल्याकडे नवमीला अवजारांची पूजा असते. सुलक्षणा काउंटरवर गेलेली. आबांनी वल्ही काढली, कोयता, विळा, जाळ्याची शिसं, सगळं अंगणात मांडलं. मग ते, मी राहायचे त्या गोठ्याकडे वळले आणि मला उचलून घेऊन आले.

मला! ज्या माणसानं महिनाभर बोट लावलं नव्हतं, तो मला पोटाशी धरून आणत होता. माझा विश्वास बसेना.

त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "काय ह्ये मळाचं पुट! पोरीला अवजार ठिवायची रीत न्हाई." आणि चुलीवरचं कढत पाणी आणून माझ्यावर ओतलं. अगं आई गं! वर राख टाकली आणि नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासलं. महिनाभराचं मेण गेलं! मी आतल्या आत ओरडत होते, "आबा, तो मळ नाही हो, तेच तर माझं काम आहे!" पण फळीला तोंड कुठे असतं?

सुलक्षणाची आई जाईबाई दारातून म्हणाली, "अवो, पोरीला इचारा तरी."

"त्यात काय इचारायचं? अवजार हाय. अवजाराला त्येल लागतंच." असं म्हणून आबांनी करंजाचं तेल घेतलं. आयुष्यभर होडीला लावत आले, तेच. चोळून चोळून त्यांनी मला तेल लावलं, अगदी माझं ठिगळसुद्धा सोडलं नाही. मग हळदकुंकू, झेंडूची माळ. शेवटी हात जोडून पुटपुटले, "पोरीला संबाळ गं बाई."

मित्रांनो, काय वाटलं म्हणून सांगू? माझी इतकी माया आजवर कुणी केली नव्हती. आणि त्याच मायेनं मी उद्या तिला पाडणार होते.

संध्याकाळी सुलक्षणा आली. माझ्यावर झेंडूची माळ पाहून ती जागच्या जागी थांबली. "आबा, तुमी पूजा केली?" आबा दुसरीकडे बघत म्हणाले, "उंद्या येतो बघाया." तिला रडूच फुटलं. करंजाचा वास घरात कायमचाच, तो तिला वेगळा वाटला नाही. माळ हलायला नको म्हणून तिनं मला हात न लावता गोधडी पांघरली. हात लाव गं, एकदा तरी हात लाव! पण नाही.

दसऱ्याच्या सकाळीही तिनं मला गोधडीत गुंडाळूनच आणलं; मेण तर आदल्या पहाटेच घासलं होतं. धरण काठोकाठ भरलेलं. गायत्री मॅडम बोटीत, हातात घड्याळ. बोट चालवायला भोरचा प्रशिक. आमच्या बोटीचा पंखा बुडाखाली आत असतो, म्हणूनच तिच्यामागे इतक्या जवळ जाता येतं. तिच्या पोटातल्या पिशव्यांत पाणी भरून तिला एका अंगाला जड करतात, म्हणजे मागे सलग लाट उठते. आबा काठावर, स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून उभे. सुलक्षणा माळ काढून पाण्यात उतरली, टाचा माझ्यावर टेकवल्या आणि दोर धरला.

"ने, प्रशिक!"

बोटीनं ओढ दिली, मी उभी झाले आणि तिचे दोन्ही पाय सर्रकन निसटले. ती पालथी पडली. काठावरची माणसं हसली. "घाबरलीस का?" प्रशिकनं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा दोर धरला. दुसऱ्यांदा ती अर्धी उभी राहिली, आणि पुन्हा सर्रकन! यावेळी कुणीच हसलं नाही.

तिनं पाण्यातच माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग बोटं नाकाशी नेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला सगळं कळलं. तिनं काठाकडे पाहिलं, आबांकडे, आणि पटकन नजर वळवली.

"काय झालं?" मॅडमनी बोट जवळ घेत विचारलं. "फळीला काय लावलंयस?"

"तेल," ती म्हणाली. "माझ्याच हातनं लागलं, मॅडम. चूक झाली."

"ज्याला स्वतःची फळी कळत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?" मॅडमचा आवाज थंड होता. "एकच खेप राहिलीय."

काठावरून आवाज आला. "खोटं बोलतीया ती!" आबा होते. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं होतं. "म्या लावलं त्येल. तिला ठावंच न्हाई. म्या अडाणी मानूस, मला वाटलं... पोरीला नका हो शिक्षा." एवढ्या माणसांत त्यांनी कान धरले. मित्रांनो, आयुष्यभर ताठ मानेनं वल्ही मारलेला तो नावाडी! मला बघवेना.

मॅडमनी हातातलं घड्याळ खाली घेतलं. मग म्हणाल्या, "खेप एकच आहे. पण घाई नाही."

सुलक्षणा मला घेऊन काठावर आली. मेणाची वडी घरी, आणि घर दोन मैलांवर. आबांनी काठची ओली माती घेतली आणि माझ्या पाठीवर चोळली, धुतली, पुन्हा चोळली. तेल सुटलं. डोक्याचा पटका सोडून त्यांनी मला कोरडं केलं. "आता तुला काय लागतंय त्ये सांग, सुले. इचारतो."

"मेन लागतंय, आबा."

आबांचा हात कमरेच्या चंचीकडे गेला. आतून त्यांनी मधमाशीच्या मेणाचा काळपट गोळा काढला. जाळं शिवताना दोऱ्याला घासायला तो नेहमी त्यांच्याजवळ असतो. "ह्ये चालंल?"

ती हसली की रडली, मला कळलं नाही. बापलेक दोघं माझ्यावर वाकून मेण घासत होते.

तिसरी खेप. ओढ लागली, मी उठले, आणि तिचे पाय माझ्यावर घट्ट ठरले! ती लाटेच्या पोटात शिरली आणि तिनं दोर सोडला.

"दोर सुटला! थांबवा! पोर गेली माजी!" आबांनी धोतरासकट पाण्यात उडी मारली. नावाड्याच्या हिशेबानं दोर सुटला म्हणजे सगळं संपलं ना! ते सपासप हात मारत निघाले. आणि मध्येच थांबले. सुलक्षणा तशीच उभी होती. दोर नाही, आधार नाही. ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि दुसरं पिंप मागे पडलं. आबा गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून आ वासून बघत राहिले.

"आगं," ते म्हणाले, "ही तर खरंच उभी हाय!"

बोट काठाला लागल्यावर मॅडमनी घड्याळ खिशात टाकलं. "प्रशिक, उद्यापासून काउंटरला दुसरं कोणी तरी बघ."

त्याला दोन वर्षं झाली. अजून दर नवमीला आबा मला अंगणात मांडतात. हळदकुंकू माझ्या तळाला, माळ नाकाला, आणि तेलाची वाटी माझ्यापासून चार हात लांब. आधी हाक मारतात, "सुले, हिला आज काय लागतंय?" ती सांगते, मग ते करतात.

मित्रांनो, वस्तू घेताना तिची चमक बघू नका. ती आपल्याला पेलते का आणि आपण तिला पेलतो का, तेवढं बघा. ठिगळ असलं तरी एकदा वाजवून बघा, आम्हीही कामाच्या असतो. आणि आमची माया जरूर करा, पण कढत पाणी ओतण्याआधी एकदा विचारा. आम्हाला बोलता येत नाही. पण जिला आमची माहिती असते, तिला बोलता येतं, आणि बहुतेक वेळा ती घरातच असते.