शेजारणीकडे ठेवलेला निरोप

कालव्याची साफसफाई तोंडावर आली होती. पहिलं फावडं मारण्याआधी पुकाओर्को डोंगराची परवानगी घ्यायची, हा गावचा रिवाज. पण इंका राजांच्या काळी डोंगराला बळी वाहिलेल्या मुलीचा गोठलेला देह बर्फातून काढून आरेकिपा शहरातल्या संग्रहालयात नेला, तेव्हापासून गावात वाद होता. गावचा शब्द डोंगराच्या कानी तीच घालायची, आता विचारायचं कुणाला? गेल्या वर्षी न विचारताच काम काढलं, बांध ढासळला आणि दामासोचा पाय मोडला. म्हणून यंदा म्हाताऱ्या तोमासाला संग्रहालयात धाडलं. सोबत भावजय नासारिया होती.

आत अंधूक आणि गार होतं. जुन्या कापडापुढे नासारिया थबकली.

"वन्सं, हे विणकाम अगदी माझ्या आईच्या हातचं वाटतं."

"तुझ्या आईला इतकी सरळ रेघ कधी जमली गं?"

शेवटच्या खोलीत, काचेआड, गुडघे पोटाशी घेऊन मुलगी बसली होती. मान किंचित कललेली. तोमासाने डोक्यावरची टोपी काढली. कोकाची तीन धड पानं बोटांत धरली, त्यांवर हळूच फुंकर घातली आणि काचेपाशी ठेवून गाऱ्हाणं सांगितलं. कालवा उपसायचाय, कुणाला इजा होऊ देऊ नकोस.

"आजी, इथं काही ठेवायचं नसतं," पहारेकरी विल्बेर त्यांच्याच बोलीत म्हणाला. "कुणाकडे आलात?"

"आमच्या पुकाओर्कोच्या पोरीकडे."

"ती आत आहे, थंड खोलीत. उजेडाचा त्रास होतो म्हणून विश्रांतीला ठेवलीय. पाऊस लागला की येईल बाहेर. ही दुसरी, पार दक्षिणेकडच्या डोंगरावरची."

"घ्या!" नासारियाने कपाळाला हात लावला. "पाणी आमचं आणि गाऱ्हाणं परक्या पोरीला! उचला ती पानं, वन्सं."

तोमासाचा हात पुढे गेला आणि थांबला. फुंकर घालून वाहिलेलं पान परत कसं घ्यायचं?

"हिच्या गावचं कुणी येतं का रे?"

"माझ्या पाहण्यात तरी नाही."

तोमासाने त्या कललेल्या मानेकडे पाहिलं. मग काचेजवळ वाकली.

"पोरी, तुम्ही दोघी एका छताखाली राहता. ती बाहेर आली की सांग, तोमासा येऊन गेली." वाटेत चघळायला ठेवलेली पानंही तिने तिथंच ठेवली. "ही तुझी."

विल्बेरने तोंड फिरवलं. "संध्याकाळी उचलीन," एवढंच म्हणाला.

दोघी गावी परतल्या तेव्हा कालव्यावर सगळे वाट बघत होते. परवानगी मिळाली म्हणून सांगून टाकणं सोपं होतं. पण बांधाखाली याच माणसांनी उतरायचं होतं.

"ती भेटली नाही," तोमासा म्हणाली. "शेजारणीकडे निरोप ठेवलाय."

"आणि ती कधी भेटणार?" कुबडीवर रेललेल्या दामासोने विचारलं.

"पाऊस लागल्यावर."

"तोवर पेरणी थांबते होय, आत्या?"

"नाही थांबत. म्हणून डोंगराला आपणच विचारू, जमेल तसं. आणि आधी बांधाला टेकू द्या. त्याशिवाय खाली कुणी उतरायचं नाही."

तिने पुकाओर्कोकडे तोंड करून पानं वाहिली. मग आणखी तीन पानं निवडली आणि दक्षिणेकडे वळली.

"ही कुणाला?" नासारियाने विचारलं.

"त्या पोरीच्या डोंगराला. ती कुठं आहे, हे त्याला कुणी सांगितलं असेल का?"

तिने फुंकर घातली. खालून टेकूचे ओंडके ओढल्याचा आवाज येऊ लागला.