तात्याबांची घाणेरी

माळावरची घाणेरी काढायचं काम वनखात्याने माझ्याकडे, म्हणजे वनरक्षक प्रियंकाकडे दिलं, तेव्हा गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कारण ते झुडूप गावात आणलं होतं माझ्याच सासऱ्यांनी.

चाळीस वर्षांपूर्वी तात्याबा मामांनी सोलापुरातल्या एका बंगल्यातून तिची फांदी आणली, पटक्यात खोचून. सासूबाईंना, राजाबाईंना, ती केशरी-गुलाबी फुलं आवडली म्हणून. शिवाय शेळ्यामेंढ्या तोंड लावत नाहीत, म्हणजे फुकटात कुंपण! कुणी खात नाही म्हणूनच ती माळभर पसरली आणि गवत गिळून बसली, हे मामांना कोण सांगणार? सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मामा रोज सकाळी त्या कुंपणाशी बोलत. मी सगळा माळ साफ केला, पण दारातल्या घाणेरीला हात लावायला मन धजेना.

वैशाखात आमचं एक भुकेलं कोकरू तिचा पाला खाऊन बसलं. कान सुजले, उन्हात कातडी सोलवटू लागली.

"मामा, घाणेरी बाधलीय त्याला. उन्हात सोडू नगा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी औषध दिलं. मामांनी कोकरू घरात घेतलं आणि आठ दिवस त्याच्याजवळून हलले नाहीत. ते वाचलं. नवव्या दिवशी मामा कुदळ घेऊन कुंपणाशी उभे.

"वरनं तोडू नगा, मामा. दुप्पट फुटतंय. मुळाखाली घाव घाला, अन् उपटून उलटं ठिवा, म्हंजी परत रुजायचं न्हाय."

"म्हाताऱ्याला शिकीव आता," ते करवादले. पण तसंच केलं. मधूनमधून डोळे पुसत होते. मला तर रडूच आलं.

तिथे आम्ही मारवेल गवत लावलं. पावसाळ्यात एका सकाळी मामांनी हाक मारली. गवतात घाणेरीचं दोन बोटांएवढं रोप उगवलं होतं.

"बघ, आली परत तुझी सासू. लई हट्टी."

"ऱ्हाऊ द्यायचं का एवढं एक?" मी, वनरक्षक, विचारून बसले.

मामांनी मारवेल खाणाऱ्या कोकराकडे पाहिलं.

"न्हाय. ह्याला काय झालं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं की."

त्यांनी ते रोप हलक्या हाताने मुळासकट उपटलं आणि दगडावर उलटं ठेवलं.