कोऱ्या चकतीभोवतीचं वर्तुळ

थोरल्या जावेच्या तेलाने जंतूंचा पार धुव्वा उडवला होता. काचेच्या बशीत जंतूंची दाट साय, मधोमध तेलात बुडवलेली कागदी चकती आणि तिच्याभोवती बावीस मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ. धाकटी जाऊ प्रयोगशाळेत अकरा वर्षं याच बशा बघत आली होती, पण घरच्या तेलाचं असं वर्तुळ पाहून तिलाही राहवलं नाही. तिने तिथूनच फोन लावला, "ताई, बावीस!" थोरली परसात भट्टी लावून हे ओव्याचं तेल काढायची. भाजल्याच्या जखमा पुसायला ते घ्यायला रुग्णालय तयार होतं. फक्त शुक्रवारपर्यंत अहवाल हवा होता.

फोन ठेवला आणि तिची नजर शेजारच्या बशीवर गेली. तिच्यातली चकती कोरी होती, तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेली, तेलाचा थेंबही नसलेली. तिच्याभोवतीही जंतू मेले होते. कोऱ्या कागदाने जंतू मारले म्हणजे चमत्कारच की! आणि चमत्कारांवर हिचा काडीचा विश्वास नव्हता.

बशा ठेवलेला डबा तिने हुंगला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याच डब्यात तिनेच दालचिनीच्या तेलाची बशी ठेवली होती. ती वाफ रात्रभर डब्यात हिंडली आणि शेजारणींचीही कामं उरकून आली.

"कोरी बशी टाका नि अहवाल द्या," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "विचारतंय कोण?"

"भाजलेला माणूस विचारणार नाहीच, साहेब. म्हणून तर."

नव्या बशा, प्रत्येक तेलाला वेगळा बंद डबा. एकदा नाही, तीनदा. मनातून तिला वर्तुळ मोठंच यायला हवं होतं, खोटं कशाला बोला. पण कोऱ्या चकतीभोवती या वेळी जंतू मजेत वाढले आणि थोरलीच्या तेलाचं वर्तुळ आलं सात मिलिमीटर. मुळात चकतीच सहाची होती.

शुक्रवारी सकाळी थोरली भट्टीची राख काढत होती. धाकटीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"घरचीच असून माझे पाय ओढतेस?" थोरली कडाडली. "महिनाभर धुरात मेले मी! बावीस म्हणाली होतीस ना?"

"ते दालचिनीचं होतं, ताई. चूक माझी. तुमचं तेल जखमेवर नाही चालायचं. वाट्टेल तितकं रागवा, पण मी तसं लिहून देणार नाही."

थोरलीने राखेचं घमेलं खाली ठेवलं. मग तिने डाव्या मनगटावरचं फडकं सोडलं. भट्टीचा चटका होता, कडेने लालभडक आणि मध्ये पू धरलेला.

"तू बावीस म्हणालीस तेव्हापासून हेच लावतेय," ती म्हणाली.

धाकटीने ते मनगट उजेडात धरून पाहिलं. "चला, आधी डॉक्टर."

"आधी फोन." थोरलीने उजव्या हाताने रुग्णालयाचा नंबर लावला. "आमचं तेल जखमेला वापरू नका. हो, तपासलंय. माझ्या जावेने. तीनदा."

मग चपला घालून ती दारात उभी राहिली.